न लागलेला ठसका

नाताळ अंकाचं काम बघणारा आमच्या चर्चच्या मंडळीतला एक तरुण गेले दोन महिने माझ्या मागे लागला होता. "काका, तुमच्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहून द्या की. गोठ्याचा विषय आहे, नाताळला शोभूनही दिसेल." फोनवर मी दोनदा टाळाटाळ केली. तिसऱ्या वेळी तो थेट केडगावला घरी येऊन बसला. बायकोनं त्याला चहा दिला, वर चिवडा दिला, आणि माझा होकार परस्पर ठरून गेला.

गमती आहेत, नाही असं नाही. पण त्या मी इतक्यांदा सांगितल्यात की आता सांगताना माझा मलाच कंटाळा येतो. शिवाय थकलोय. उजवा खांदा कामातून गेला आहे. अडलेल्या गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासराचं तोंड फिरवायचं, आणि नेमकी तेव्हाच गाय खाली बसायची, असं तीस-बत्तीस वर्षं केल्यावर खांदा राहील कसा? सकाळी पेपर उलगडतानाही तो दुखतो. म्हणून एक गंमत सांगून टाकतो, आणि मग जी गोष्ट आजवर कुणाला नीट सांगितली नाही ती सांगतो. दुसरीत गंमत नाही. संपादकांना नको वाटली तर त्यांनी खुशाल कापावी.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखालचा. टोचणी, लसीकरण, कृत्रिम रेतन, जखमा, किरकोळ औषधं ही माझी कामं. पण वाडीवस्तीवर पिशवी घेऊन जो येतो तो डाक्टर. सुरुवातीला मी लोकांना दुरुस्त करायचो, "मी डॉक्टर नाही हो." लोक म्हणायचे, "बरं डाक्टर." पुढं मीही सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायचं.

आमच्या कामात सगळ्यात सोपी दिसणारी आणि सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट म्हणजे जनावराला काही पाजणं. घशात दोन वाटा शेजारीशेजारी असतात, एक अन्नाची आणि एक वाऱ्याची. गिळताना वाऱ्याची वाट मिटते आणि घोट दुसऱ्या वाटेनं पोटात जातो. हे सगळं आपल्याला न विचारता होतं, म्हणून आपण जिवंत आहोत. जनावराची मान वर ताणली, तोंडात बाटली कोंबली आणि भडाभडा ओतलं, की हे मिटणं-उघडणं चुकतं. औषध फुप्फुसात जातं. मग पोटाचं दुखणं राहतं बाजूला आणि जनावर निमोनियानं मरतं. लोक म्हणतात, औषध लागू पडलं नाही.

राहात्याकडे बदली झाली होती तेव्हाची गोष्ट. पेरूच्या बागेचा एक मालक होता, अंगानं धिप्पाड, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. त्याची म्हैस फुगली होती. मी पोचलो तर हा गडी म्हशीची जीभ मुठीत धरून हातभर बाहेर ओढतोय आणि दुसऱ्या हातानं गोडेतेल ओततोय. म्हैस खोकून खोकून बेजार. मी म्हटलं, "अहो, जीभ सोडा. जीभ धरल्यावर ती गिळेल कशी?"

"जीभ सोडली की तेल भायेर ढकलती वो ती. म्हनून तर धरलीय."

"असं करा, तुमची जीभ बाहेर ओढून धरा आणि चहा पिऊन दाखवा."

त्या माणसानं खरंच चहा मागवला. स्वतःची जीभ चिमटीत धरली आणि कप तोंडाला लावला. सगळा चहा शर्टावर, आणि वर असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. त्याची बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. तो मात्र खिलाडू. शर्ट झटकत म्हणाला, "कळलं डाक्टर. सोडली जीभ म्हशीची."

त्या दिवसापासून माझं एक वाक्य तयार झालं. मान पाठीच्या वर जाऊ द्यायची नाही, जीभ धरायची नाही, आणि ठसका लागला की थांबायचं. ठसका म्हणजे वाऱ्याच्या वाटेवरचा पहारा. तो आपलं काम करतोय तोवर भिऊ नका, त्यानं हाक दिली की हात आवरा. हे मी दूध डेअऱ्यांवर सांगितलं, लसीकरणाच्या कॅम्पात सांगितलं, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात टेम्पोच्या फाळक्यावर उभं राहून सांगितलं. लोकांना आवडलं, कारण सोपं होतं. काही गावांत मला ठसकेवाले डाक्टर म्हणायला लागले. बायकोला हे नाव मुळीच आवडलं नाही. मला आवडलं होतं.

आता दुसरी गोष्ट.

घोडेगावच्या अलीकडे एका वस्तीवर मंगल नावाची सून होती. तेव्हा लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. नवरा साखर कारखान्यावर नोकरीला, त्यामुळे शेत आणि गोठा दोघींवर, मंगल आणि तिची सासू शेवंताबाई. मी त्यांना मावशी म्हणायचो. मावशींची जनावरांवर माया होती आणि माणसांवर नजर. त्यांच्या गोठ्यात एक रीत होती. नव्या वासराला पहिला चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा तो हातगुण असलेल्या बाईनं. आधी त्यांच्या सासूनं पाजला, मग मावशींनी, आणि त्या वर्षी त्यांनी सुनेला हात धुऊन पुढं बसवलं. त्या घरात याला मान होता. मंगळसूत्र घालून घरात येता येतं, पण गोठ्यातलं माणूस व्हायला पहिला चीक पाजावा लागतो, असं काहीसं.

पहिलटकर गाय होती. दिवस भरायच्या आधीच व्याली. कालवड झाली, लहानखुरी, अंगावर केस तोकडे, खूर मऊ. उभी राहीना, म्हणून सडाला लागणं शक्य नव्हतं. मी दुसऱ्या वस्तीवर अडकलो होतो. नवऱ्यानं फोन लावून मंगलच्या हातात दिला. मी घाईत होतो. म्हटलं, "चीक लवकर पोटात गेला पाहिजे, ताई. पहिल्या काही तासांत गेला तरच त्याचा उपयोग. बाटलीनं पाजा. मान फार वर नको. आणि ठसका लागला की थांबा."

"ठसका न्हाई लागला तर?"

"मग पाजत राहा."

हे माझे शब्द. मला ते नीट आठवतात. न आठवते तर बरं झालं असतं.

तिनं पाजला. बाटलीच्या चोखायच्या रबरी बुचाचं भोक नवऱ्यानं तापल्या सुईनं मोठं करून दिलं होतं. कालवडीला ओढायचे कष्ट नकोत म्हणून. आमच्या भागात हे सगळेच करतात आणि मायेपोटी करतात. कालवड एकदाही खोकली नाही. शांत पडून होती, दूध जात होतं, मंगल पाजत होती. सगळी बाटली संपली. मावशींनी सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला म्हणे.

दुसऱ्या दिवशी कालवडीला धाप लागली. मी गेलो तेव्हा नाकपुड्या फुललेल्या होत्या, छातीत घरघर होती, अंग चटका बसेल असं तापलेलं. दवाखान्यातून डॉक्टर साहेबांना बोलावलं, इंजेक्शनं झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. फुप्फुसात चीक उतरला होता हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

मंगल गोठ्याच्या खांबाला धरून उभी होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "तुमी सांगितलं हुतं तसंच केलं, डाक्टर. ठसका न्हाईच लागला."

आणि मी म्हणालो, "मग मान वर धरली असशील. नाहीतर असं होतच नाही."

मावशी तिथंच होत्या. त्यांनी ऐकलं. मी असं का म्हणालो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुद्दाम खोटं बोललो नाही. मला खरंच तसंच वाटलं. नियम माझा, तो इतकी वर्षं चुकला नव्हता, मग चुकलं असणार ते माणूस. आणि समोर सगळ्यात तरुण, सगळ्यात गरीब स्वभावाची तीच होती.

तेव्हापासून त्या गोठ्यात ठरून गेलं की मंगलला हातगुण नाही. शेण, चारा, पाणी, धारा, सगळं तिनंच करायचं. पण गाय कळा द्यायला लागली की मावशी म्हणायच्या, "मंगल, तू घरात जा." भांडण नाही, शिव्या नाहीत. इतकंच वाक्य. मी लसीकरणाला जायचो तेव्हा दोनदा हे माझ्या कानांनी ऐकलं. ती पदर खोचत निमूट घरात जायची आणि दार लोटून घ्यायची. पुढं तिला दोन मुलं झाली, ती मोठी झाली, शाळेत पहिल्या-दुसऱ्या नंबरानं आली. गोठ्यातलं दार मात्र लोटलेलंच राहिलं. मला वाईट वाटायचं. पण चूक तिची होती असंच मी धरून चाललो होतो, त्यामुळे ते वाईट वाटणं मला पेलत होतं.

मग आमचं एक प्रशिक्षण झालं. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेल्यांना अशा प्रशिक्षणाला पाठवतात तेव्हा आम्ही मागच्या बाकावर बसतो आणि जेवणाची वेळ बघतो. शिकवायला एक तरुण मॅडम आल्या होत्या. विषय नवजात वासराची निगा. मी मनात म्हटलं, आता ही पोर मला वासरू शिकवणार.

मॅडम बोलता बोलता म्हणाल्या, नवजात पिल्लाला ठसका येत नाही, आला तरी फार क्षीण येतो. मी बाकावर सरळ झालो. हात वर करून विचारलं, "मॅडम, ठसका येत नाही म्हणजे? घशात गेलं तर खोकणारच ना?"

"आपण खोकतो, काका. मोठी गाय खोकते. नुकतं जन्मलेलं पिल्लू खोकत नाही. त्याच्या वाऱ्याच्या वाटेच्या तोंडाशी दूध लागलं की ते श्वास रोखतं आणि गिळत राहतं. छातीचे ठोकेसुद्धा मंदावतात."

"असं का?"

त्यांनी फळ्यावर काही काढलं नाही, साध्या शब्दांत सांगितलं. "आईच्या पोटात ते सगळे महिने पाण्यात असतं. घशाला पाणी लागलं म्हणून खोकून ते टाकणार कुठं? बाहेरही पाणीच. तिथं वाट मिटून घेणं हेच शहाणपण. जन्मल्यावर ही सवय एका दिवसात जात नाही. ठसका हळूहळू तयार होतो, दिवसांनी, आठवड्यांनी. जे दिवस भरायच्या आधी आलंय त्याला आणखी उशीर. कोकरू, कुत्र्याचं पिल्लू, माणसाचं बाळ, थोड्याफार फरकानं सगळ्यांचं असंच आहे. म्हणून नवजात वासराला पाजताना खोकल्याची वाट बघायची नाही. ते श्वास रोखून बसलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, किती शांत पितंय. दूध ओतत राहिलं तर कधीतरी त्याला श्वास घ्यावाच लागतो. मग दूध आत."

"म्हणजे ठसका लागला नाही, याचा अर्थ..."

"काहीच अर्थ नाही, काका. नीट गेलं असं त्यावरून म्हणता येत नाही."

त्या पुढं काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. जेवणाची सुट्टी झाली तरी मी बाकावरच बसलो होतो. माझा नियम मोठ्या जनावरांसाठी बरोबर होता. वर्षानुवर्षं तो मी सगळ्यांसाठी सांगत सुटलो होतो. मंगलनं मान खाली धरली काय, वर धरली काय, कालवड खोकणार नव्हतीच, आणि मी सांगितलं होतं, ठसका लागेपर्यंत पाजत राहा. असल्या किती वासरांना किती जणांनी पाजलं असेल, कोण जाणे. पण मला नाव आणि चेहरा एकच आठवत होता.

मी तिला जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. चार वर्षं नाही गेलो.

आम्हा प्रॉटेस्टंट लोकांत पाळकांपुढे, म्हणजे धर्मगुरूंपुढे, गुडघे टेकून पाप सांगायची पद्धत नाही. जे काय ते थेट देवाशी. मी देवाला सांगितलं, बऱ्याचदा सांगितलं. देवाला सांगणं सोपं असतं, तो उलट प्रश्न विचारत नाही. एकदा घोडेगावच्या बाजारात मंगलचा नवरा भेटला. रसवंतीवर बसून आम्ही अर्धा तास बोललो. पाऊस, ऊसतोड, मुलांच्या शाळा, सगळं झालं, ते एक वाक्य सोडून. पुढच्या कॅम्पांत मी माझं वाक्य गुपचूप बदललं. "नव्या वासराला घोटाघोटानं पाजा, मध्ये श्वास घेऊ द्या," असं सांगायला लागलो. आधी चुकीचं सांगितलं होतं हे मात्र कुठंच बोललो नाही. मग निवृत्त झालो. सत्कारात शाल मिळाली, नारळ मिळाला. एकानं भाषणात माझं जुनं वाक्य म्हणून दाखवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात सकाळी मंगलच्या नवऱ्याचा फोन आला. गाय आधीच व्याली, कालवड अशक्त आहे, दवाखान्यातले साहेब तासा-दोन तासांनी पोचतील, तोवर तुमी येता का. नगर-घोडेगाव रस्ता मला पाठ आहे. शेजाऱ्याची मोटारसायकल मागून घेतली. खांद्याला ती झेपत नाही, पण गेलो. वाटेत ठरवलं होतं, वासरू बघायचं आणि परत यायचं. इतकंच.

गोठ्यात गेलो तर मावशी गोणपाटावर बसलेल्या. वय झालेलं, हात थरथरत होते. कालवडीचं मुंडकं मांडीवर उंच घेतलेलं आणि तोंडात बाटली. बुचाचं भोक तेच, सुईनं मोठं केलेलं. मला बघून हसल्या. "या डाक्टर. तुमचीच वाट बघत हुते. बगा की कसं गुमान पितंय. तुमी सांगितल्यालं ध्यानात हाय माज्या. एकदाबी ठसका न्हाई."

कालवडीच्या नाकातून दुधाचा बुडबुडा आला होता. बरगडी हलत नव्हती.

मी बाटली अक्षरशः हिसकावली. मुंडकं खाली केलं, तोंडातलं दूध बोटानं काढलं, नाक पुसलं, गोणपाटानं पाठ आणि छाती खसाखसा चोळली. कडब्याची काडी नाकपुडीत फिरवली. थोडा वेळ काहीच नाही. मग तिनं आचका देऊन श्वास घेतला, आणखी एक घेतला. जीभ निळसर होती ती हळूहळू गुलाबी झाली. मी जमिनीवरच बसलो. माझा खांदा ठणकत होता आणि मावशी घाबरून माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? ठसका तर लागलाच न्हाई की."

साहेब आले. तपासलं, इंजेक्शन दिलं, म्हणाले, "थोडक्यात वाचलीय. दूध आत फार गेलेलं दिसत नाही. पण चीक तर पोटात जायलाच हवा, आणि पुढचे कित्येक दिवस हिला एकाच हातानं, सावकाश, लक्ष देऊन पाजावं लागेल. बोट चोखत असेल तरच. नाहीतर मी नळीनं देईन." त्यांनी कालवडीच्या तोंडात बोट घातलं. चोखत होती, जेमतेम. मग ते पुढच्या वस्तीवर निघाले आणि मला म्हणाले, "काका, तुम्ही यांना दाखवाल ना?"

कुणाला दाखवायचं? मावशींचे हात थरथरतात, डोळ्यांना कमी दिसतं. नवरा दुपारी कामावर जाणार. मी विचारलं, "मंगलताई कुठं आहे?"

"ती घरात हाय," मावशी म्हणाल्या. "तिला नका बलावू. तिला हातगुण न्हाई. मागली कालवड तिच्या हातानं गेली, तुमाला म्हाईत हाय की."

घराचं दार लोटलेलं होतं. त्याच्या फटीतून ती बघत असणार हे मला ठाऊक होतं. मी वाटेत ठरवलेलं सगळं तिथंच राहिलं. म्हटलं, "मावशी, ती कालवड तिच्या हातानं नाही गेली. माझ्यामुळं गेली."

मावशींनी कालवडीचं मुंडकं पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

मी सांगितलं. नवं वासरू खोकत नाही, श्वास रोखतं. ठसक्याची वाट बघा हे मी सांगितलेलं चूक होतं. तुम्ही आत्ता तेच केलंत आणि आत्ता तुमच्या मांडीवर काय झालं ते तुम्ही पाहिलंत. मंगलनं तेव्हा हेच केलं होतं. मान वर धरली असं मी म्हणालो, ते मी पाहिलं नव्हतं. माझ्या मनानंच म्हणालो.

बोलता बोलता दार उघडलं होतं. मंगल उंबऱ्यात उभी होती. केसांत थोडी पांढरी बट आलेली. तिनं मला विचारलं, "हे तुमाला कवा कळलं, डाक्टर?"

देवानं जे कधी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. मी म्हटलं, "चार वर्षं झाली."

"चार वरसं," ती म्हणाली. आणखी काही म्हणाली असती तर मला सोसलं असतं. मी मान खाली घातली. मला लाज वाटत होती आणि ती लपवायची ताकदही उरली नव्हती.

मंगल रांजणाकडे गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि येऊन गोणपाटापाशी उभी राहिली. मावशींच्या मांडीवर मुंडकं होतं. मावशींनी सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सरकल्या आणि जागा करून दिली.

नवरा घोडेगावहून नवं बूच घेऊन आला, बारीक भोकाचं. मी मंगलला दाखवत गेलो. कालवडीला छातीवर बसती करायची, पाय पोटाखाली. बाटली गाईच्या सडाच्या उंचीला, त्याहून वर नाही. आपण ओतायचं नाही, तिनं ओढायचं. एक हात बरगडीवर ठेवायचा. दोन घोट, मग बाटली बाजूला. बरगडी हलली का? हलली. पुन्हा दोन घोट. कानावर भरवसा ठेवायचा नाही, हाताला जे कळतं ते खरं. तिला एकदाच सांगावं लागलं. एवढासा चीक पोटात जायला ऊन अंगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, नजर बरगडीवर होती.

मी निघताना तिनं विचारलं, "हिला ठसका कवा याचा मग?"

"येईल. आठ दिवस, पंधरा दिवस, सांगता येत नाही. आधीच आलेली आहे, उशीर लागेल. आला की मला कळव."

त्यानंतर मी दोनदा जाऊन आलो. कालवड उभी राहायला लागली होती. मंगल बरगडीवर हात ठेवून तसंच पाजत होती, दिवसातून चार-पाच वेळा, घोट मोजत. मावशी शेजारी बसायच्या, पण बाटलीला हात लावायच्या नाहीत. मंगल मला चहा द्यायची. चांगला द्यायची. पण पूर्वी "या डाक्टर, बसा" म्हणायची ते आता म्हणत नव्हती, आणि त्यात तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. पुढं खांद्याच्या दुखण्यानं उचल खाल्ली आणि माझं जाणं थांबलं.

मग एका सकाळी मी पेपर वाचत बसलो होतो, फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून नुसता गोठ्याचा आवाज, घंटेचा, कुणीतरी घमेलं ठेवल्याचा. मी फोन ठेवणारच होतो.

"डाक्टर, मंगल बोलतीय. आज खोकली."

मी पेपर बाजूला ठेवला. विचारलं, "नीट खोकली? की नुसती शिंकली?"

"न्हाई न्हाई, खोकली. दूध पिताना. चांगला ठसका लागला, पार मानंला हिसका बसला तिच्या."

"मग तू काय केलं?"

"थांबले," ती म्हणाली. "तुमी सांगितलं हुतं तसंच केलं."

हेच वाक्य तिनं मला त्या खांबापाशी ऐकवलं होतं. तेव्हा मी त्याला उत्तर दिलं होतं. आज म्हटलं, "बरोबर केलंस." तेवढ्यात फोनमधून लांबून मावशींचा आवाज आला. दुसरी गाय कळा द्यायला लागली असावी, कारण त्या घाईत होत्या.

"मंगल, ये लवकर. हात धुऊन ये."